मोटार नाही म्हणे!

पनवेलकराला स्वर्ग कसा असतो म्हणून विचारा, तो अप्सरांचे नावसुद्धा काढणार नाही. 'जिथे हॉर्न वाजत नाही तो स्वर्ग' असे सांगून मोकळा होईल. मुंबई-पुण्याचा जुना रस्ता आमच्या उशाशी, गोव्याचा रस्ता पळस्प्याहून, द्रुतगती मार्ग कळंबोलीहून, आणि एवढ्यावर भागेना म्हणून की काय, २०२५ च्या नाताळपासून डोक्यावर विमाने! वाहनांच्या या समुद्रात आम्हांला एकच बेट ठाऊक आहे, ते माथेरान. मोटारीला तिथे मज्जाव आहे. २००३ साली सरकारने ते पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीरही केले. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडायची, आणि मग शेठ असो की शिपाई, सगळे सारखेच पायी.

निदान माझी तशी समजूत होती.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघे निघालो. शार्लोट तळ्याच्या वाटेवरचे एक जुने, साहेबी थाटाचे हॉटेल ठरवले होते. (१८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब यांनी माथेरान 'शोधून काढले' म्हणतात. डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ठाकरांना आणि धनगरांना ते तोवर दिसले नसावे!) दस्तुरीला उतरलो आणि हिच्या गुडघ्याने संप पुकारला. घोड्याचे नाव काढताच ही म्हणाली, "अहो, मला त्यावर चढवणार कोण?" राहता राहिली हातरिक्षा. त्यात ही बसली, बॅग बसली, आणि 'तिला सोबत म्हणून' मीही बसलो. माझे वजन चौऱ्याऐंशी किलो आहे. बॅगेचे विचारू नका.

एक माणूस पुढून ओढत होता, दोघे मागून ढकलत होते. लाल मातीचा चढ, वर झाडांची गर्द सावली, पाखरांचे आवाज. हॉर्न खरेच नव्हता. पण त्या शांततेत तिघांची धाप अशी स्पष्ट ऐकू येत होती की पनवेलच्या नाक्यावरचा ट्रक बरा वाटावा. अर्ध्या चढावर पुढच्याने मान वळवून विचारले, "शेठ, जरा उतरता का? येवढा चढ झाला की बसा परत." मी उतरलो. पुन्हा बसायचे धाडस झाले नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत मुंबईचे एक गृहस्थ भेटले. डिसेंबर २०२२ पासून तीन महिने माथेरानात ई-रिक्षांचा प्रयोग झाला होता, शाळेची पोरे त्यातून जाऊ लागली होती. त्यावर गृहस्थ कळवळून म्हणाले, "वाटोळे करणार हो हे लोक! हातरिक्षा हा माथेरानचा वारसा आहे."

वारसा! वारसा म्हणजे आपल्याला मिळतो तो. ओढणाऱ्याच्या पोराला काय मिळते? दोन दांडे. मी विचारले, "तुम्ही कसे आलात?" म्हणाले, "रिक्षानेच. छान वाटतं, जुन्या काळात गेल्यासारखं." अहो, जुन्या काळात जायचे तर एकदा दांड्यांच्या मध्ये उभे राहून जा की! वाहनाला इंजिन असले तर ते वाहन, आणि माणूस असला तर ते सृष्टिसौंदर्य, हा कुठला हिशेब? शिवाय १९०७ साली पीरभॉय मंडळींची छोटी आगगाडी धापा टाकत याच डोंगरावर आली, तिला आपण कौतुकाने फुलराणी म्हणतो. यंत्राचा विटाळ तेव्हा कुठे गेला होता?

"आज ई-रिक्षा आली, उद्या मोटार येईल," हा त्यांचा दुसरा मुद्दा. ही भीती मलाही आहे. मोटार आली तर आम्हां पनवेलकरांना जीव द्यायलाही शांत जागा उरणार नाही. पण मोटार अडवायची ती नाक्यावर, चौऱ्याण्णव परवानेवाल्यांच्या छातीवर नव्हे. घोडेवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा विरोध पोटासाठी होता. त्यांच्याशी बसून बोलायला हवे. आरामखुर्चीवाल्याच्या पोटाला मात्र काही धोका नव्हता, ते चांगले वाढलेले होते.

पुढे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले, ई-रिक्षा द्या त्या हातरिक्षावाल्यांनाच. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बजावले की माणसाने माणूस ओढणे सहा महिन्यांत बंद करा, पैसा नाही ही सबब चालणार नाही. वर्तमानपत्र मी मुद्दाम हिला मोठ्याने वाचून दाखवले.

"बरं झालं," ही म्हणाली. "या खेपेला बॅटरीवरच जाऊ."

"आणि तिथे ती मिळाली नाही तर?"

"तर तुम्ही ओढा," ही म्हणाली, "मी मध्येच उतरणार नाही."