विश्लेषण : बिअरचा कडूपणा तापमानवाढीमुळे कमी होणार का?

क्राफ्ट बिअरच्या कॅनवर अनेकदा ‘आयबीयू’ असा आकडा असतो. तो मोठा म्हणजे बिअर कडू, असे समजले जाते. हा कडूपणा देणाऱ्या हॉप्स या वेलीच्या फुलांवर मात्र तापमानवाढीचे सावट आहे. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, युरोपातील पारंपरिक हॉप्समधील अल्फा आम्ल २०५० पर्यंत १९८९-२०१८ या काळाच्या तुलनेत २० ते ३१ टक्क्यांनी, तर उत्पादन ४ ते १८ टक्क्यांनी घटू शकते.

आकडा काय सांगतो?

अल्फा आम्ले उकळताना रूप बदलतात आणि कडू होतात. लिटरमागे अशा आम्लाचे साधारण एक मिलिग्रॅम म्हणजे एक आयबीयू. ‘बीजेसीपी’ या परीक्षक संस्थेच्या मार्गदर्शिकेत अमेरिकी ‘इंडिया पेल एल’साठी, म्हणजे आयपीएसाठी, ४० ते ७० आयबीयू अपेक्षित आहेत. पण जीभ म्हणजे यंत्र नव्हे. माल्टचा गोडवा भरपूर असला तर ६० आयबीयूची बिअरही सौम्य लागते. हलक्या बिअरमध्ये ४० सुद्धा टोचतात.

परीक्षक काय पाहतात?

बीजेसीपीच्या ५० गुणांत चवीला २० आणि वासाला १२ आहेत. दिसण्याला फक्त ३. त्यामुळे घोट घेण्याआधी ग्लास हुंगला जातो. संत्र्याची साल, आंबा, पाइनची राळ असे वास हॉप्समधील तेलांचे असतात. उकळताना ही तेले उडून जातात, म्हणून थंड बिअरमध्ये पुन्हा हॉप्स घातले जातात. तरीही हा वास फार टिकत नाही आणि शिळ्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. खरेदी करताना आयबीयूपेक्षा कॅनवरची तारीख अधिक कामाची, ती यामुळेच.

फटका कोणाला?

आयपीए मिळमिळीत होणार, असे मथळे घाईचे आहेत. अभ्यास जर्मनी, चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हेनियातील पिकाचा आहे. बहुतेक अमेरिकी आयपीए वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यासारख्या भागातील वाणांवर चालतात. शिवाय कडूपणा कमी पडला तर हॉप्स वाढवता येतात किंवा जास्त आम्लाचे वाण वापरता येतात. खर्च तेवढा वाढतो.

खरी अडचण चेक पिल्सनरची. तिथल्या सात्स हॉप्समध्ये मुळातच आम्ल कमी, आणि त्या बिअरची ओळखच त्या वाणावर उभी आहे. वाण बदलले तर कडूपणाचा आकडा जुळेल, पण बिअर तीच राहणार नाही. पुण्या-मुंबईतील मायक्रोब्रुअरीही हॉप्स प्रामुख्याने आयात करतात. तिकडे पीक घटले की इथला कच्चा माल महाग होण्याची शक्यता आहेच.