दुखणाइताच्या सोबत्यांचें घर

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्यावर आजारी मूल घेऊन परगांवच्या मोठ्या इस्पितळांत राहण्याचा प्रसंग आला असेल, त्यांस पुढील मजकुराचें महत्त्व निराळें सांगावयास नको. मुलाला खाट मिळते, औषध मिळतें, वेळेवर दूध मिळतें. परंतु त्याच्या आईनें रात्रीं पाठ कोठें टेकावी, ही चिंता कोणाच्याच खात्यांत मोडत नाहीं. आमच्या पुतण्याच्या दुखण्यांत आम्हीं एका इस्पितळाच्या जिन्याखालीं, उशाला पिशवी घेऊन, आठ रात्री काढल्या. जागरणानें डोकें इतकें बधिर झालें होतें कीं, डॉक्टर सकाळीं काय सांगून गेले तें दुपारीं आठवत नसे.

हें आतां आठवण्याचें कारण, अमेरिकेंतील एका उपाहारगृहांच्या कंपनीनें याच अडचणीच्या निवारणास लाविलेला हातभार नुकताच आमच्या वाचनांत आला. कंपनीचें नांव मॅकडोनाल्ड. मुंबई-दिल्लीकडे १९९६ सालापासून तिचीं उपाहारगृहें असल्यामुळें घरांतील मुलांस तें नांव आमच्याहून अधिक परिचयाचें असेल.

हकीकत अशी आहे. फिलाडेल्फिया शहरच्या ‘ईगल्स’ या फुटबॉल संघांत फ्रेड हिल नांवाचा खेळाडू होता. १९६९ सालीं त्याच्या तीन वर्षांच्या किम या मुलीस रक्ताचा कर्करोग झाल्याचें निदान झालें. या रोगाचे उपचार महिनोन् महिने चालत. इस्पितळांत येतां-जातां हिलनें पाहिलें कीं, दूरदूरच्या गांवांहून आलेले आईबाप खुर्च्यांवर व बाकांवर झोपत आहेत आणि यंत्रांत नाणें टाकून मिळेल तें खाऊन दिवस काढीत आहेत. कारण हॉटेलांतील खोलीचें भाडें त्यांना झेपत नसे. म्हणजे जिन्याखालचा संसार श्रीमंत अमेरिकेसही चुकलेला नव्हता!

हिलच्या संघानें इस्पितळासाठीं पैसा जमविण्याचें मनावर घेतलें. त्या वेळीं फिलाडेल्फियांत डॉ. ऑड्रे एव्हन्स या मूळच्या इंग्लंडच्या विदुषी लहान मुलांच्या कर्करोगावर उपचार करीत असत. संघाचे व्यवस्थापक जिम मरे यांनीं ‘आणखी काय हवें?’ असें विचारतां या बाईंनीं नवें यंत्र मागितलें नाहीं कीं नवी खोली मागितली नाहीं. इस्पितळानजीक एक घर हवें, जेथें आईबापांस राहतां येईल, एवढीच त्यांची मागणी. रोग्याबरोबर त्याच्या माणसांचीही शुश्रूषा व्हावयास हवी, हें ओळखणारे डॉक्टर आमच्या पाहण्यांत थोडेच आले. म्हणून या बाईंविषयीं आम्हांस विशेष आदर वाटतो.

मरे मग मॅकडोनाल्ड कंपनीच्या त्या भागांतील अधिकाऱ्याकडे गेले. मार्च महिन्यांत आयरिश लोकांच्या सणाच्या सुमारास ही कंपनी हिरव्या रंगाचें एक गोड दुग्धपेय विकते. त्याच्या दर पेल्यामागें कांहीं सेंट घराच्या कामीं मिळावे, अशी बोलणी होती. अधिकाऱ्यानें विचारलें कीं, विक्रीचा सगळाच पैसा दिला तर घरास आमच्या रोनाल्डचें नांव द्याल काय? हा रोनाल्ड म्हणजे कंपनीच्या जाहिरातींतला लाल केसांचा विदूषक! मरे यांनीं होकार दिला, आणि १५ ऑक्टोबर १९७४ रोजीं सात खोल्यांचें पहिलें ‘रोनाल्ड मॅकडोनाल्ड गृह’ उघडलें. आज साठांहून अधिक देशांत या कामाचा व्याप पसरला असून घरांची संख्या साडेतीनशेंवर गेली आहे.

आपल्याकडे धर्मशाळेस वडिलांचें किंवा मातोश्रींचें नांव देतात. येथें दिलें तें जाहिरातींतल्या सोंगाचें. प्रथम वाचतांना आम्हांस हें बरें वाटलें नाहीं. दान या हाताचें त्या हातास कळूं नये, असे आमच्यावरचे संस्कार. परंतु जिन्याखालच्या त्या आठ रात्रींत कोणी स्वच्छ अंथरूण देऊं केलें असतें, तर दारावरची पाटी वाचावयास आम्ही थांबलों असतों काय? नांव ही त्या घराची किंमत होती, आणि ती फार नव्हती, असें आमचें आजचें मत आहे.

तथापि येथवर वाचून कोणी कंपनीची आरती करूं लागेल, तर त्यास आम्ही थांबवूं. या घरांचा सगळा खर्च कंपनी करते, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. प्रत्येक घर त्या त्या ठिकाणचें स्वतंत्र धर्मादाय मंडळ चालवितें, आणि पैशाचा मोठा भाग इतर देणगीदारांकडून येतो. कंपनीच्या उपाहारगृहांतून गल्ल्याशेजारीं पेट्या असतात, त्यांत गिऱ्हाइकें सुटीं नाणीं टाकतात. नाणें गिऱ्हाइकाचें, स्वयंपाक बहुधा गांवच्या स्वयंसेवकांचा, आणि पाटी मात्र कंपनीची! कंपनीनें आपला वांटा किती व लोकांचा किती, हें त्या पेटीवरच ठळक अक्षरांत लिहावें, असें आम्हांस वाटतें. शिवाय २०११ सालीं तेथील शेंकडों डॉक्टरांनीं व आरोग्यसेवकांनीं जाहीर पत्र लिहून, मुलांस तळकट व गोड खाण्याची चटक लावणारा हा विदूषक निवृत्त करावा, अशी मागणी केली होती. तीही विसरून चालणार नाहीं.

घरांची रीत मात्र मनांत भरण्यासारखी आहे. कुटुंबाकडून फार तर रात्रीमागें अल्प रक्कम मागतात, आणि ती देण्याची ऐपत नसली तरी कोणास परत पाठवीत नाहींत. सामाईक स्वयंपाकघर असतें. मुलाच्या खाटेपाशीं कोरडे डोळे ठेवून बसणारी आई तेथें दुसऱ्या आईजवळ रडूं शकते. ही सोय कोणत्याही हॉटेलांत मिळत नाहीं. किम हिल त्या दुखण्यांतून उठली, मोठी झाली, या घरांच्या कामांतही तिनें भाग घेतला. २०११ सालीं मेंदूच्या कर्करोगानें ती वारली. डॉ. एव्हन्स २०२२ सालीं निवर्तल्या.

परळचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेव्हांपासून किती कुटुंबें ट्रंका-वळकट्या घेऊन तेथें उतरलीं असतील! दादरला गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा आहे, तेथें कर्करोग्यांस व त्यांच्या नातलगांस आसरा मिळतो. तरीही ज्यांस कोठेंच जागा मिळत नाहीं, अशीं माणसें रुग्णालयाजवळच्या पदपथावर पथारी पसरलेलीं दिसतात. त्यांच्या समोरच उपाहारगृहांच्या गल्ल्यांवर नाणीं खणखणत असतात.

आमच्या ओळखीचे एक उपाहारगृहाचे मालक आहेत. त्यांस आम्हीं ही सारी हकीकत सांगितली, आणि निदान एखाद्या पदार्थाची एका दिवसाची विक्री धर्मशाळेस देण्याविषयीं सुचविलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, “पाटीवर नांव कोणाचें?” आम्ही म्हणालों, “तुमच्या मातोश्रींचें लावा.” त्यांनीं आमच्यासाठीं आणखी एक चहा मागविला आणि म्हणाले, “पुढच्या महिन्यांत या, बोलूं.” आम्ही जाणार आहों.