स्वस्त पिस्तूल कोणाच्या कामाचे?

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. रावेर तालुक्यात केळीचा व्यापार करतो. हंगामात शेतकऱ्यांना आणि मजुरांना द्यायची रोकड मोटारसायकलवरून न्यावी लागते, आणि एकदा सायंकाळी दोघांनी त्याचा पाठलाग केला होता. त्याने शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केलेला, तो कुठल्या तरी टेबलावर पडून राहिलेला. मध्यंतरी कोणीतरी त्याला सुचवले की सातपुड्याच्या पायथ्याला गेलास तर परवान्यावाचून काम होईल, तेही थोडक्या हजारांत. चहा घेता घेता तो म्हणाला, "सर, वस्तू स्वस्त मिळत असेल तर माणूस ती घेणारच, हे तुम्हीच शिकवलंत. ती फसवी आहे का, तेवढं सांगा."

पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवूनही या प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. कायद्याचा धाक घालून त्याला परत पाठवणे सोपे होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणाऱ्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास आहे. तथापि ज्याला रस्त्यावर जिवाची भीती वाटते त्याच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. वस्तूच्या गुणाविषयी त्याने विचारले होते. तेव्हा उत्तरही वस्तूच्या गुणातच शोधले पाहिजे.

स्वस्त पिस्तुलाचा जगभरचा नमुना म्हणजे पॉइंट टू टूचे रिमफायर. आपल्यापैकी ज्यांनी महाविद्यालयात एन.सी.सी. केली त्यांच्या हातून याच जातीची रायफल गेलेली आहे. या काडतुसाच्या बुडाची कडा पोकळ असते व आघाताने पेटणारे स्फोटक त्या कडेतच भरलेले असते. बंदुकीची पिन मध्यभागी न लागता कडेवर आपटते. मोठ्या काडतुसात बुडाच्या मध्यावर वेगळी टोपी बसवावी लागते. तो खर्च येथे वाचतो. कडा ठेचली जावी म्हणून कवच पातळ व मऊ ठेवावे लागते, म्हणून आतला दाब मर्यादित राहतो, आणि दाब मर्यादित म्हणून पिस्तूलही हलक्या धातूचे, हलक्या कारागिरीचे चालते. स्वस्ताईची साखळी अशी एकेका कडीने तयार होते.

परंतु अविश्वासार्हतेचा उगमही त्याच साखळीत आहे. ओले स्फोटक कवचात घालून ते गरगरा फिरवतात, म्हणजे ते कडेभर पसरते. ते सर्वत्र सारखे पसरेलच असे नाही. एखाद्या जागी कडा रिकामी राहिली आणि पिन नेमकी तेथे लागली, तर 'खट्' एवढाच आवाज होतो. आमच्या छावणीत असे झाले की नळी निशाणाकडेच रोखून स्वस्थ पडून राहायचे आणि उस्ताद येईपर्यंत हलायचे नाही, असा दंडक होता. पुष्कळदा तेच काडतूस थोडे फिरवून पुन्हा घातले की उडे. निशाणाच्या मैदानावर यात काही बिघडत नाही. वेळ आपल्याच हाती असतो. रावेरच्या रस्त्यावर मात्र 'थांबा, काडतूस फिरवून घेतो' असे कोणाला सांगणार?

आपल्या सरकारनेही या बाजारात पाऊल टाकले आहे. दिल्लीच्या २०१२ च्या अत्याचार प्रकरणानंतर, २०१४ मध्ये, सरकारी आयुध निर्माणीने 'निर्भीक' नावाचे पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. ज्या मजूर स्त्रीला रात्रपाळीहून चालत घरी यावे लागते, तिच्या वर्षभराच्या मजुरीतूनही ते येणार नव्हते. पुढे इशापूरच्या कारखान्याने 'निडर' काढले: पॉइंट टू टू, वजन पाव किलो, किंमत सुमारे पस्तीस हजार. रिव्हॉल्व्हरमध्ये एक काडतूस फुसके निघाले तरी पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते, एवढी सोय त्यात आहे हे मान्य केले पाहिजे. पण रस्त्यावरचे दिवे, वेळेवर येणारी एस.टी. आणि तक्रार नोंदवून घेणारे ठाणे यांच्या जागी राज्यसंस्थेने नागरिकाच्या हाती पिस्तूल विकत द्यावे, ही कल्पनाच मला चमत्कारिक वाटते.

परवान्याचे हे शस्त्र झाले. सातपुड्याकडच्या मालाची कथा निराळी आहे. चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी हे गाव आहे. तेथील शिकलगार कारागिरांचे नाव जळगाव-धुळ्याच्या वृत्तपत्रांतून इतक्या वेळा येते की वाचकाची नजर बातमीवरून सरकून जाते. धुळे जिल्ह्यात शिरपूरहून सेंधव्याकडे जाणारा आग्रा रोड हा या मालाचा दुसरा रस्ता. शिकलगार म्हणजे शस्त्रांना पाणी देणारा, धार लावणारा. गुरू गोविंदसिंगांच्या सैन्यासाठी आपल्या पूर्वजांनी शस्त्रे घडवली असे हे लोक अभिमानाने सांगतात. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजांनी देश निःशस्त्र केला, तेव्हा शस्त्र बाळगणाऱ्याबरोबर ते घडवणाराही गुन्हेगार ठरला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. या हातांना दुसरे काम देण्याचा विचार त्यातही नव्हता.

गावठी कट्टा बनवणे शक्य होते ते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. कारागीर नळी, घोडा व मूठ घडवतो. काडतूस त्याला घडवता येत नाही. ते कारखान्याचेच लागते, बहुधा बारा बोअरचे किंवा पॉइंट ३१५ चे. या काडतुसांच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते (स्फोटक तिच्यात नसते, ते मध्यभागीच असते). ती कडा नळीच्या तोंडावर अडकते, म्हणून आतली जागा बारकाईने कोरली नाही तरी काडतूस बसते. मग मोटारीच्या सुकाणूच्या दांड्याची नळीही चालून जाते. मात्र ती नळी एवढा दाब सोसण्यासाठी जन्माला आलेली नसते. ती कोणत्या बाराला फाटेल हे घडवणाराही सांगू शकत नाही, आणि फाटली की पहिला जखमी होतो तो धरणाऱ्याचा पंजा. मॅगझीनची गावठी पिस्तुले दिसायला सुबक असतात. पण स्प्रिंग, पोलाद आणि माप यांपैकी एकात जरी कसर राहिली, तरी दुसरी गोळी नळीच्या तोंडाशी अडकते.

विश्वासार्हतेला पैसे पडतात. भुसावळजवळ वरणगावच्या आयुध निर्माणीत अनेक दशके सैन्यासाठी काडतुसे तयार होत आली आहेत. तेथे आयुष्य घालवलेल्या कोणत्याही कामगाराला विचारा: एका काडतुसामागे किती मापे, किती तपासण्या, किती माल बाद. (२०२१ मध्ये या निर्माण्यांची सात कंपन्यांत वाटणी झाली, कामगारांचा विरोध डावलून, त्याविषयी पुन्हा केव्हातरी.) स्वस्त पिस्तुलात वाचवलेला पैसा हा मुख्यतः या तपासणीचा पैसा असतो.

मग एवढे बेभरवशाचे असूनही त्याला गिऱ्हाईक कसे? कोणी म्हणेल, गरिबाला दुसरे परवडत नाही. परंतु गिऱ्हाईक काय कामासाठी घेतो हे पाहिल्याखेरीज मागणीचा उलगडा होत नाही. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या वस्त्यांतली पुष्कळ पोरे कट्टा घेतात ती कंबरेला खोचून छायाचित्र काढण्यासाठी. ते छायाचित्र मोबाइलवर झळकते आणि त्याच छायाचित्रावरून पोलीस दारात येतात. जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल बंद पडून काळ लोटला. ज्यांचे आजोबा गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावीत, त्या पोरांना वस्तीत नाव मिळवण्याचे साधन म्हणून लोखंडाचा हा तुकडा हाती येतो. दाखवायच्या वस्तूला उडण्याची गरज नसते.

दुसरा गिऱ्हाईक हल्लेखोर. त्याच्या दृष्टीने स्वस्त पिस्तूल पुरेसे विश्वासार्ह असते, हे या विषयाचे मर्म आहे. दिवस, वेळ, जागा तो निवडतो. तो हातभर अंतरावर येतो. आधी शेतात दोन बार काढून पाहतो, सोबत दुसरे शस्त्र आणि दुसरा साथीदार ठेवतो. काम फसले तर पळून जातो व आठवड्याने पुन्हा येतो. अमेरिकेत रॉबर्ट केनेडींवर १९६८ च्या जूनमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या त्या पॉइंट टू टूच्या स्वस्त रिव्हॉल्व्हरमधून. त्याच वर्षी तेथे कायदा होऊन अशा लहान, हलक्या पिस्तुलांची आयात थांबली. सुट्या भागांची मात्र चालू राहिली. १९८१ च्या मार्चमध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर सहा गोळ्या झाडणाऱ्याचे हत्यार अशाच भागांतून जुळवलेले पॉइंट टू टूचे रिव्हॉल्व्हर होते. गोळ्या आत शिरल्यावर फुटणाऱ्या म्हणून विकलेल्या. सहांपैकी फुटली एकच. त्या एकीने जेम्स ब्रॅडी जन्माचे अपंग झाले.

आपल्या चळवळीला तर यासाठी अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. २०१५ मध्ये गोविंद पानसरे आणि कलबुर्गी, २०१७ मध्ये गौरी लंकेश: या खुनांत ७.६५ मिलिमीटरची गावठी पिस्तुले वापरली गेल्याचे तपासयंत्रणांनी सांगितले. पानसरे सकाळी फिरून परतत होते, कलबुर्गी स्वतःच्या दारात होते, गौरी लंकेश आपल्या फाटकापाशी. त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती पिस्तूल असते तरी काय होणार होते? चाप ओढणाऱ्याने क्षण आधीच निवडून ठेवला होता.

तिसरा गिऱ्हाईक माझा विद्यार्थी. क्षण निवडण्याची सत्ता त्याच्याकडे नाही. त्याचे हत्यार वर्षानुवर्षे खिशात घामाने, धुळीने माखत राहणार आणि एका सेकंदात, पहिल्याच झटक्याला, चालले पाहिजे. स्वस्त पिस्तुलात नेमका हाच गुण नसतो. म्हणजे संरक्षण म्हणून विकली जाणारी ही वस्तू संरक्षणासाठी सर्वांत निकामी आणि हल्ल्यासाठी पुरेशी असते. फसवला जातो तो तिन्हींतला एकटा प्रामाणिक गिऱ्हाईक.

यावर आपल्याच काही मित्रांचा आक्षेप असतो, तो हलका नाही. परवान्याची व्यवस्था वर्गीय आहे, असे ते म्हणतात. बागायतदाराला, बिल्डरला, पुढाऱ्याच्या पुतण्याला परवाना मिळतो; आदिवासी शेतमजुराचा अर्जही कोणी घेत नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, ही आठवणही ते देतात. अन्याय खरा आहे. पण तो दूर करायचा तर अर्जावर ठराविक मुदतीत कारणांसह निर्णय आणि दिलेल्या परवान्यांची जाहीर यादी मागितली पाहिजे. शेतमजुराच्या हातात फुटकी नळी देऊन समता येत नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत आरोपी पकडायला उमर्टीला गेलेल्या चोपड्याच्या पोलीस पथकावर हल्ला झाला. नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी तेथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. पोलिसांनी कारवाई करू नये असे मी म्हणत नाही. परंतु मातीची भट्टी आठ दिवसांत पुन्हा उभी राहते. काडतुसाचे तसे नाही. ते कारखान्यातून निघते, विक्रेत्याच्या नोंदवहीतून जाते आणि कोणत्या तरी परवानाधारकाच्या नावावर खपलेले दाखवले जाते. कट्टा पकडला की तो कोणी बनवला हे विचारले जाते. त्यातले काडतूस कोणाच्या वहीतून सुटले, याचा पाठपुरावा वृत्तपत्रांत क्वचितच दिसतो. आपल्या तालुका कार्यकर्त्यांनी हा एक प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारावा. आणि ज्या हातांना हत्यारांखेरीज काही येऊ दिले नाही, त्यांच्यासाठी लेथ, कर्ज आणि अवजारांची मागणी दोन्ही राज्यांच्या सरकारांकडे एकत्र करावी. शिरपूर-चोपड्याच्या शेतीला नांगराचे फाळ, पंपाचे भाग लागतात. ते बाहेरूनच का यावेत?

विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले नाही. एवढेच म्हटले, की ज्याला मारायचे आहे त्याच्या कामाचे ते आहे, तुझ्या नाही. तो थोडा खट्टू झाला. मग आम्ही कागद घेऊन बसलो. शेतकऱ्यांपैकी किती जण बँकेतून पैसे घेतील, मजुरीची रोकड एका फेरीऐवजी दोन माणसांकडून दिवसाउजेडी कशी पाठवता येईल, याचा हिशेब केला. निम्म्याहून अधिक रोकड टळत होती. उरलेल्या रकमेचे काय, ते मलाही सुचले नाही. परवान्याचा अर्ज अजून त्याच टेबलावर आहे.