गरिबीला श्रेय कशाला?

१२ मार्चला धायरीत यशवंतराव चव्हाणांच्या जयंतीचा छोटेखानी कार्यक्रम होता. वक्ते रंगात आले होते. "गरिबी नसती तर यशवंतराव घडलेच नसते! आजच्या पोरांना सगळं आयतं मिळतं, म्हणून नेते निपजत नाहीत." टाळ्या पडल्या. मागे कॉट बेसिसवर राहणारी चार-पाच पोरं बसली होती, त्यांचे हात काही हलले नाहीत.

गरिबी खरीच होती. १९१३ साली देवराष्ट्र्यात जन्म, वडील कोर्टात बेलिफ, तेही लवकर गेले. आई विठाईंनी घर सावरलं. पण गरिबीच माणूस घडवत असेल, तर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात घरटी एक मुख्यमंत्री निघायला हवा होता! त्याच घरातले थोरले बंधू लवकर नोकरीला लागले. त्या पगाराचा आधार होता म्हणून धाकटा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आणि पुढे पुण्याच्या लॉ कॉलेजात पोचला. मधे १९३२ मध्ये झेंडावंदनापायी तुरुंगवास झाला, आणि तिथेही वाचायला पुस्तकं मिळाली.

जिद्द लागतेच, कबूल. पण जिद्दीने फीची पावती फाटत नाही.

हे वक्त्यांपेक्षा यशवंतरावांना जास्त कळत होतं. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी गरिबीचे गोडवे गायले नाहीत. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत, त्या घरातल्या मुलांची फी माफ केली. जात विचारली नाही. 'ईबीसी' (आर्थिकदृष्ट्या मागास) हा शब्द तेव्हापासून मराठी घरांत रुळला. संरक्षणमंत्रिपद, गृहखातं, अर्थखातं, १९७९चं उपपंतप्रधानपद, सगळं मानाचं. पण मला विचाराल तर त्यांचा खरा वारसा या फीमाफीत आहे.

"फुकटाची किंमत नसते," हा आक्षेप असतोच. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त इंजिनिअर काका ईबीसीवर शिकले. तलाठ्याकडून आणलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याची घडी पडून पिवळी झालेली नक्कल त्यांनी अजून डिग्रीच्या फायलीत ठेवली आहे. किंमत नसती, तर इतकी वर्षं जपली असती का?

कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतला एक पोरगा वक्त्यांपाशी आला. आम्हाला वाटलं, सही मागेल.

"सर, फाइल छोटी करून देता येईल का? उत्पन्नाचा दाखला २५६ केबीत बसत नाहीये. फॉर्मची आज शेवटची तारीख आहे."