दोन सारख्या वाद्यांतून एकाची निवड

दोन वस्तु अगदीं भिन्न असल्या तर निवड करणें सोपें जातें. खरी पंचाईत होते ती दोन सारख्या वस्तूंपुढें. विद्युत्-गिटार शिकूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपुढें सांप्रत हीच पंचाईत उभी असते. टेलिकास्टर घ्यावी कीं स्ट्रॅटोकास्टर, यावर ते मधल्या सुट्टींत तावातावानें वाद घालितात. पालक मात्र "दोन्ही सारख्याच दिसतात, स्वस्त असेल ती घे," असें म्हणून मोकळे होतात. आमच्या मतें हा प्रश्न विद्यार्थी समजतात तितका गहन नाहीं, आणि पालक समजतात तितका क्षुल्लकही नाहीं.

प्रथम साम्य पाहूं. दोन्ही वाद्यें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, फुलरटन गांवीं, लिओ फेंडर यांच्या कारखान्यांत जन्मास आलीं. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांस स्वतःस गिटार वाजवितां येत नसे! पहिलें वाद्य इ. स. १९५० सालीं निघालें व १९५१ पासून टेलिकास्टर या नांवानें विकलें जाऊं लागलें. स्ट्रॅटोकास्टर १९५४ सालीं आली. साध्या गिटारीचें पोट पोकळ असतें व त्यांत नाद घुमतो. या दोहोंचें धड भरीव लांकडाचें. मग आवाज येतो कोठून? तारांखालीं 'पिकअप' नांवाचा भाग बसविलेला असतो. त्यांत लोहचुंबक व त्यांभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र हालतें व वेढ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलेलें, विज्ञानाच्या वर्गांत आपण शिकतों, तेंच हें तत्त्व होय. ही सूक्ष्म वीज ॲम्प्लिफायर वाढवितो, तेव्हां कोठें ती ध्वनिरूपानें आपल्या कानीं पडते.

तारांची कंप पावणारी लांबी दोन्ही गिटारींत साडेपंचवीस इंच. मान दोन्हींत स्क्रूंनीं धडास जोडलेली. मग भेद कोठें? टेलिकास्टरला पिकअप बहुधा दोन, स्ट्रॅटोकास्टरला तीन. म्हणून दुसरीच्या आवाजांत विविधता अधिक. टेलिकास्टरचें धड फळीसारखें सपाट. स्ट्रॅटोकास्टरचें धड छातीशीं व कोपराखालीं तासलेलें, त्यामुळें तें अंगाशीं बरें बसतें.

परंतु नवशिक्याच्या दृष्टीनें मुख्य भेद घोडीचा होय. टेलिकास्टरची घोडी सामान्यतः अचल असते. स्ट्रॅटोकास्टरची घोडी बहुधा हलती. धडाच्या मागील पोकळींतील स्प्रिंगा तिला एका बाजूस ओढतात, तर सहा तारा दुसऱ्या बाजूस. जोडलेली दांडी दाबली कीं घोडी कलते, तारा सैल होतात व स्वर खालीं लवतो. ऐकावयास हें मोठें गोड लागतें. पण घोडी अशी अधर ठेवलेली असली म्हणजे या दोन ओढींचा तराजू साधे तोंवरच वाद्य स्वरांत राहतें. एक तार चढविली कीं बाकीच्या पांच थोड्या उतरतात. त्या चढवाव्या, तों पहिली उतरते. मुरलेला वादक हा तोल सहज साधतो. नवशिका रडकुंडीस येतो.

स्वराचें आम्ही इतकें स्तोम कां माजवितों, असें कोणी विचारील. शिकाऊ मुलाचा कान ओल्या मातीसारखा असतो. बेसूर वाद्यावर त्यानें तीन महिने मेहनत केली तर बोटें तयार होतात, पण कान बिघडतो; आणि याहून वाईट म्हणजे 'आपल्याला गाण्याचें अंगच नाहीं' अशी त्या बिचाऱ्याची समजूत होऊन बसते. मग वाद्य कपाटावर धूळ खात पडतें, आणि पालक म्हणतात, "पैसे पाण्यांत गेले." दोष वाद्याचा, शिक्षा मुलास!

यास्तव, किंमत व बनावट सारखी असल्यास, पहिलें वाद्य अचल घोडीचें, म्हणजे टेलिकास्टरच्या धर्तीचें घ्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. लहान चणीच्या मुलास सपाट धडाची कड रुतते, हा आक्षेप खरा आहे. जें वाद्य अंगास टोचतें तें फार दिवस हातीं धरलें जात नाहीं. अशा मुलानें स्ट्रॅटोकास्टर खुशाल घ्यावी; मात्र जाणत्याकडून मागील स्प्रिंगा आवळून घोडी धडावर टेकवून घ्यावी, आणि पहिलें वर्षभर दांडीस हात लावूं नये.

"पण अमुक प्रसिद्ध वादक हीच वाजवितो ना!" हा मुलांचा शेवटचा बाण. जिमी हेंड्रिक्स यानें १९६९ सालीं वुडस्टॉकच्या संगीत-मेळाव्यांत स्ट्रॅटोकास्टर वाजविली हें खरें. पण तो डावखुरा होता, आणि उजव्या हातासाठीं बनविलेली गिटार उलटी धरून तो वाजवीत असे. जें वाद्य त्याच्या हातासाठीं घडविलेंच नव्हतें त्यावर त्यानें नांव मिळविलें. ती करामत लांकडाची कीं अभ्यासाची?

पालकांस दोन शब्द. सगळी रक्कम गिटारीवर खर्चूं नका. ॲम्प्लिफायर, तारांचा जादा संच व शिक्षकाचें वेतन यांसाठीं आधींच वेगळी काढा. स्वस्त प्रतींत एकाच नमुन्याचे दोन नगही सारखे निघत नाहींत. म्हणून जो नग घ्यावयाचा तोच मुलाच्या हातीं देऊन पाहा. तो स्वरांत लावून पाव घटका वाजवूं द्या, आणि स्वर उतरला काय तें ऐका. प्रत्येक पडद्यावर तार दाबून ती खरखरते काय तें तपासा. मुलास बसवून पाहा, उभें करून पाहा. रंग सर्वांत शेवटीं. तंबोरा घेणारा भोपळ्यावरची नक्षी मागाहून पाहतो. आधीं जवारी ऐकतो.