नळाची झडप आणि यंत्राचा संयम

आमच्या शेजारची एक मुलगी शाळेच्या सहलींत साखर कारखाना पाहून आली आणि विचारूं लागली, "गुरुजी, तेथल्या एवढ्या मोठ्या नळांची तोटी कोण फिरवितें?" उदगीरसारख्या अवर्षणाच्या मुलखांत हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून दहा वाघिणींची गाडी सुमारें पांच लक्ष लिटर पाणी घेऊन लातुरास आली. तो उन्हाळा ज्यांनीं काढला, त्यांस पाणी अडविण्याचें व सोडण्याचें मोल निराळें सांगावयास नको.

मोठ्या नळांत तोटीच्या जागीं झडप असते. कांहीं झडपा पडद्याप्रमाणें वरखालीं सरकतात. त्या मिटण्यास मळसूत्राचे पुष्कळ फेरे लागतात. कांहींत नळाच्या मध्यभागीं तबकडी असून ती पाव फेऱ्यांतच प्रवाह अडविते. हें काम विजेच्या मोटारीकडे सोंपविलें म्हणजे नियंत्रणाच्या खोलींतून इशारा देऊन झडप पाव, अर्धी, हवी तितकी उघडतां येते. मोटार स्वभावतः चंचल. मिनिटास शेंकडों फेरे घेणारी. दंतचक्रें व मळसूत्री दांडा यांच्या योगें तिचा वेग घटवितात, आणि वेग घटतो तसें पीळ देण्याचें बळ वाढतें. झडप शेवटास पोंचतांच एक कळ वीज तोडते. मध्यें दगड अडकून जोर मर्यादेबाहेर गेला, तर दुसरी कळ मोटार थांबविते.

वाचकहो, एवढी सावकाशी कशासाठीं? सेकंदास एक मीटर वेगानें वाहणारें पाणी एकदम अडविलें, तर पोलादी नळांत सुमारें शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब अकस्मात् वाढतो. त्या दाबाची लाट सेकंदास सुमारें एक किलोमीटर धांवते. रशियन पंडित झुकोव्स्की यांनीं मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून याचा नियम १८९८ सालीं मांडला. दहा किलोमीटरच्या नळांत ही लाट जाऊन परत येण्यास सुमारें वीस सेकंद लागतात; झडप मिटण्यास त्याहून पुष्कळ अधिक वेळ दिला, तरच नळ सुखरूप राहतो.

माझ्या नोकरीच्या काळीं एका गांवीं हें मीं प्रत्यक्ष पाहिलें. पाणी सोडणाऱ्या मनुष्यानें घाईघाईनें चाक फिरवून झडप मिटली आणि वरच्या अंगास नळ फुटला. दोन दिवस माझ्या वर्गांतील मुलें घागरी घेऊन विहिरीवर उभीं होतीं. त्या बापड्यास सर्वांनीं शिव्या दिल्या. परंतु हा नियम त्यास कोणीं शिकविलाच नव्हता.

अशा मोटारींच्या बाजूस बहुधा एक हातचाकही असतें. वीज गेली कीं मनुष्यासच तें फिरवावें लागतें. म्हणून यंत्र आलें तरी जाणत्या हाताची गरज सरत नाहीं.

त्या मुलीस मीं शेवटीं इतकेंच सांगितलें, "घरची तोटीही सावकाश फिरवीत जा." ती हंसली. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या भिंतींतला नळ धडधडावयाचा थांबला, असें तिची आई सांगत होती.