गोळी स्वस्त, देखरेख महाग

बालपणी घसादुखीमागून येणाऱ्या संधिज्वराने हृदयाची झडप कायमची निकामी होऊ शकते. दाटीवाटीच्या वस्तीत आणि अपुऱ्या उपचारांवर पोसला जाणारा हा रोग मुख्यतः गरिबांच्या वाट्याला येतो. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने सार्वजनिक पैशातून स्वदेशी कृत्रिम झडप घडवली आणि १९९० साली ती प्रथम रुग्णाला बसवली. परदेशी झडपेहून ती पुष्कळ स्वस्त. याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु झडप बसल्याने प्रश्न संपत नाही.

अशा झडपेवर गुठळी जमू नये म्हणून रुग्णाला आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. यांपैकी वॉरफरिन हे प्रथम उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. १९५४ पासून ते माणसांना देण्यात येऊ लागले. औषध आणि विष यांत येथे अंतर आहे ते केवळ मात्रेचे. मात्रा कमी पडली तर अर्धांगवायूचे भय, अधिक झाली तर रक्तस्रावाचे. म्हणून 'आयएनआर' ही रक्ततपासणी वरचेवर करून मात्रा ठरवावी लागते. तपासणीची फारशी गरज नसलेल्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत. पण यांत्रिक झडप असलेल्यांना त्या चालत नाहीत.

खरे रक्षण होते ते परिचारिकेच्या शब्दाने. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. दुकानातून अंगदुखीची गोळी आणू नये, कमरेत सुई टोचून घेऊ नये. पालेभाजी वर्ज्य नाही, मात्र तिचे प्रमाण एकाएकी बदलू नये. शौचास काळे झाले किंवा डोक्यास मार लागला तर तत्काळ रुग्णालय गाठावे. मूल हवे असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. हे सारे एखाद्या शेतमजूर बाईला तिच्या बोलीत सांगून, तिच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचे तर निवांत वीस मिनिटे हवीत. ती आणायची कोठून? भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. आपल्या जिल्ह्यात रात्रपाळीची एक परिचारिका किती खाटा सांभाळते, हे कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन मोजावे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत झडप हा भांडवली खर्च, तर देखरेख हा आवर्ती खर्च. पहिल्याचे समारंभ होतात. दुसऱ्याला काटकसरीची कात्री लागते. मोफत शस्त्रक्रियेची योजना आहे, पण तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून वर एसटीचे भाडे भरणे. मग तपासणी टळते, आणि लाखाच्या शस्त्रक्रियेवर पाणी पडते.

तेव्हा मागणी नेमकी असावी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बोटाच्या थेंबावर ही तपासणी करणारे यंत्र, कंत्राटी नव्हे तर कायम पदावरील प्रशिक्षित परिचारिका, आणि रुग्णाच्या हाती मराठी नोंदवही. समाजाने वाचवलेला जीव पुढे नशिबावर सोपवणे, यास काटकसर म्हणत नाहीत.